अकादम्या बंद करून काय साधणार?

‘विज्ञान अकादम्या म्हणजे सन्मानांचे क्लब, त्या बंदच कराव्यात’ असे सांगणारे गेल्या अंकातील पत्र वाचले. राग समजतो, उपाय पटत नाही.

जानेवारी 2018 मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, तेही आपल्या औरंगाबादेत, डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरवून तो अभ्यासक्रमातून काढण्याची भाषा केली. दिल्ली, बेंगळुरू आणि अलाहाबाद इथल्या तीन विज्ञान अकादम्यांनी लगोलग संयुक्त पत्रक काढून ते विधान निराधार असल्याचे सांगितले. एकट्यादुकट्या प्राध्यापकाने हे केले असते तर किती जणांनी ऐकले असते? (आणि नोकरीचे काय झाले असते, तो भाग वेगळाच.)

पत्रलेखकांनी पदके आणि समारंभांवर झोड उठवली. पण खरे दुखणे 2010 सालचे आहे. जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्यावर देशातील सहा अकादम्यांनी मिळून दिलेल्या अहवालातला काही मजकूर बीटीचे समर्थन करणाऱ्या एका शास्त्रज्ञाच्या लेखातून, संदर्भ न देता, जसाच्या तसा उचललेला निघाला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तो अहवाल स्वीकारला नाही. पुढे सुधारित आवृत्ती आली. पण गेलेली पत अशी दुरुस्तीने परत येत नाही.

अमेरिकेतील राष्ट्रीय अकादमीच्या अहवालात लेखन समितीची आणि बाहेरच्या परीक्षकांची नावे छापलेली असतात. सदस्यांचे हितसंबंधही आधी तपासले जातात. आपल्या अकादम्यांकडे मागायचे ते हे. टाळे ठोकण्याची मागणी सत्यपाल सिंहांनाही आवडली असती.

— एक वाचक, सातारा