भिंतीवरचा कोळी आणि लाकडांतला विंचू

जून लागला की आमच्या आहुप्यात पाहुणे येतात. धबधबे बघायला येणारे ते पाहुणे नव्हेत हं! हे पाहुणे आठ पायांचे. बाहेर पावसाची झोड, अंगणात चिखल, मग कोळी आणि विंचू कोरडी जागा शोधत कौलाखाली, लाकडांच्या रचक्यात येऊन बसतात.

यांतला घाबरण्याजोगा कोण? असं वर्गात विचारलं, की पहिलं उत्तर येतं, "बाई, कोळी!" भिंतीवर तळहाताएवढा चपटा, तपकिरी कोळी दिसला, की झाडू घेऊन सारं घर त्याच्यामागे. बिचारा! तो जाळंसुद्धा विणत नाही. रात्री हिंडून झुरळं पकडतो. कधी त्याच्या पोटाखाली पांढरी, गोल, बटणासारखी थैली दिसेल. ती मादी समजा. थैलीत तिची अंडी असतात.

आता कोळ्याला विष असतं का? असतं की! जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असतं. पण ते माशी-झुरळापुरतं. बहुतेकांचे दात आपल्या कातडीत शिरतच नाहीत. मोठा कोळी हाताखाली दाबला गेला तर चावेल, दुखेल, सुजेल आणि ओसरेल. सह्याद्रीच्या रानात झाडाच्या ढोलीत राहणारा केसाळ टॅरंटुला मात्र चावला तर फार दुखतं, स्नायूंत पेटकेही येतात. म्हणून ढोलीत हात घालायचा नाही. बस्स, कोळ्याचा नियम एवढाच.

आणि हो, "अंगावर कोळी मुतला, म्हणून फोड आले" असं म्हणतात ना? ते पुष्कळदा दिव्याभोवती येणाऱ्या एका बारीक काळ्या-नारिंगी किड्याचं काम असतं. तो अंगावर चिरडला, की त्याच्या रसाने कातडी भाजते. असा किडा बसला तर फुंकर मारून उडवा, चिरडू नका.

खरी काळजी घ्यायची ती कोळ्याच्या भाऊबंदाची, विंचवाची. त्यातही काळी, जाड नांग्यांची इंगळी दिसते भयंकर, पण माणूस दगावतो तो बोटाएवढ्या लाल विंचवाने. त्याच्या नांग्या अगदी बारीक असतात.

लाल विंचवाचं विष अंगात भिनलं, की रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भलताच चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर आले. विंचू चावलेली माणसं, त्यांत लहान मुलंही, डोळ्यांदेखत जात होती. डॉक्टर रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब टिपत राहिले. पुढे १९८० च्या दशकात त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली. आवळलेल्या रक्तवाहिन्या तिने सैल पडतात. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत. ते प्रमाण अगदी एक-दोनांवर आलं. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. मला विचाराल तर आमच्या डोंगरातल्या प्रत्येक शाळेत त्यांचं चित्र लावायला हवं.

पण गोळी वेळेवर मिळाली तर उपयोग! आहुप्याहून घोडेगावला जायचं म्हणजे डिंभे धरणाच्या कडेकडेने वळणंच वळणं. त्यात आधी "विंचू उतरवणाऱ्याकडे" जाऊन तास घालवला तर? त्याच्याकडे कळ थांबते, असं लोक सांगतात. अहो, पण कळ कमी झाली म्हणजे विष उतरलं असं नव्हे! भरपूर घाम, उलटी, हातपाय गार पडणं ही धोक्याची खूण. अशी खूण दिसायची वाटही बघू नका. विंचू चावलेल्या लहान मुलाला तर तडक दवाखान्यात न्यायचं. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल ती गाडी गाठा. जखम साबणाने धुवा. कापायची नाही, दोरी आवळायची नाही. किती वाजता चावला ते मात्र डॉक्टरांना नीट सांगा.

आता घरातलं. चुलीसाठी लाकूड काढायला आई तुम्हांलाच पाठवते, ठाऊक आहे मला. आधी काठीने रचका हलवा, मग हात घाला. पेंढ्याचं आणि हिरड्याच्या पोत्यांचंही तसंच. चपला, दप्तर, खुंटीवरचा सदरा झटकून घ्या. अंथरूण भिंतीपासून दूर घाला आणि मच्छरदाणी खाली नीट खोचा. रात्री अंगणात जाताना बॅटरी हवीच.

बॅटरीवरून आठवलं. नोटा तपासायचा जांभळा दिवा पाहिलाय? अंधारात तो विंचवावर धरला, तर विंचू हिरवट-निळा चमकतो. कुठे पाहायला मिळालाच, तर मोठ्या माणसाबरोबर आणि लांबूनच हं.