चढाव आणि धक्का : रोलर कोस्टरला शक्ती कोठून मिळते?

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात, सयाजीराव रस्त्याच्या दुतर्फा, दसऱ्याच्या सायंकाळी सहस्रावधी दिवे एकाच वेळी उजळतात. या नगरीतील विजेचा इतिहास पडणाऱ्या पाण्यापासून सुरू होतो. 1902 मध्ये शिवनसमुद्र येथे कावेरीच्या प्रपातापासून वीज निर्माण होऊ लागली. ती प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली, 1905 मध्ये बंगळुरास आणि पुढे म्हैसुरास. उंचावरील पाणी पडते व त्यातून वीज निघते, असा हा क्रम आहे. रोलर कोस्टर या खेळात हाच क्रम उलटतो. तेथे वीज खर्चून गाडी उंच नेतात आणि मग तिला पडू देतात.

अशा गाडीत एंजिन असते, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः बहुतेक गाड्यांच्या डब्यांत कोणतेही चालकयंत्र नसते. ते जमिनीवर, मार्गालगत असते. महाराष्ट्रात खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातील ‘नायट्रो’ ही गाडी साखळीच्या साहाय्याने सुमारे 40 मीटर उंच चढते. माथ्यावर साखळी सुटली की उरलेला सारा प्रवास चढावात साठलेल्या ऊर्जेवर होतो. खोपोली हे स्थानही अर्थपूर्ण आहे. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी 500 मीटरांहून अधिक खाली आणून टाटांच्या वीजकेंद्राने येथूनच 1915 पासून मुंबईस वीज पुरविली.

या चढावास किती ऊर्जा लागते? प्रवाशांसह दहा टन भाराची गाडी 40 मीटर उचलली, असे मानू. घर्षण वगळता त्यासाठी सुमारे 39 लक्ष ज्यूल, म्हणजे विजेच्या एका युनिटहून किंचित अधिक ऊर्जा पुरते. एवढा थरार एका युनिटात मिळतो, हे ऐकून कोणासही नवल वाटेल.

परंतु ऊर्जा किती लागते, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. ती किती वेळात द्यावयाची, हेही पाहावे लागते. साखळीने 40 सेकंद घेतले, तर सुमारे 100 किलोवॅट शक्ती पुरे. तीच ऊर्जा सपाट मार्गावर चार सेकंदांत धक्क्याने द्यावयाची, तर सुमारे 1000 किलोवॅट लागतात. ऊर्जा तेवढीच, शक्ती मात्र दसपट! रेषीय विद्युत्‌-मोटरींनी गाडी असा धक्का देऊन सोडण्याची पद्धत अमेरिकेत 1996 पासून रूढ झाली. अशा मोटरीत फिरणारा भाग नसतो. मार्गावरील विद्युत्‌चुंबकांचे सरकते चुंबकीय क्षेत्र गाडीस पुढे लोटते. न्यू जर्सीतील ‘किंगडा का’ ही गाडी 2005 पासून 2024 पर्यंत दाबयुक्त तेल व वायू यांच्या बळावर सुमारे साडेतीन सेकंदांत ताशी 206 किलोमीटर वेग घेई. एवढा भार वीजवाहिनीवर एकदम पडू नये, म्हणून अनेक ठिकाणी ऊर्जा आधी सावकाश साठवितात. ती कोठे दाबलेल्या वायूत, कोठे अवजड फिरत्या चाकात, तर कोठे विद्युत्‌ धारित्रांत साठते.

जत्रेतील खेळ शाळेच्या अभ्यासास शोभत नाहीत, असा आक्षेप कोणी घेईल. तो ग्राह्य नाही. ऊर्जा आणि शक्ती यांच्या व्याख्या विद्यार्थी पाठ करतात. मात्र त्यांतील भेद बहुतेकांच्या मनात उतरत नाही. या दोन गाड्या तो भेद एका गणितात स्पष्ट करतात. यास्तव सहलीस जाणाऱ्या वर्गाने चढावाची उंची व चढण्यास लागणारा वेळ वहीत टिपून आणावा आणि शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी त्यावरून हिशेब करून घ्यावा. त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. घड्याळ पुरेसे आहे.

हा हिशेब केवळ खेळापुरता नाही. देवराज मोहल्ल्यात सायंकाळी दुकाने, घरे व रोषणाई एकाच घटकेस वीज मागतात, तेव्हा दिवसभरात एकूण किती युनिटे मिळाली, एवढे पाहून भागत नाही; त्या क्षणी किती किलोवॅट मिळतात, हे पाहावे लागते. धरणे, साठवण आणि वीजदर यांविषयी उद्या ज्यांना मत द्यावयाचे आहे, त्यांनी हा भेद शाळेतच जाणला पाहिजे. तो शिकण्याचे एक आनंददायी साधन जत्रेत उभे असताना शाळांनी त्याकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे.