सेटिंग सासवडचं, विजेटवर पुणं!



आजची नोंद पिकाची नाही, मोबाईलची आहे. पण नुकसान पिकाचंच झालं, म्हणून इथंच लिहितोय. जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

मी राहायला हडपसरला, जमीन सासवडच्या पुढं. अंजीर आणि थोडं सीताफळ. रोजचं शेत वडील बघतात. गेल्या पावसाळ्यात ते घरी आले होते तेव्हा त्यांच्या फोनवर हवामानाचं एक ॲप टाकून दिलं. विजेट पहिल्याच स्क्रीनवर लावलं, म्हणजे ॲप उघडायची कटकट नको. नंतर ॲपमध्ये जाऊन पुण्याच्या जागी सासवड केलं, भाषा मराठी केली, पीक अंजीर निवडलं. 'सेव्ह झालं' असं ॲपनं सांगितलं. माझं काम संपलं, असं मला वाटलं.

पुढं खट्टा बहाराच्या बागेत तांब्याची फवारणी ठरली होती. वडिलांचा फोन आला, "आज नको रे, पाऊस दाखवतोय." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रानात मात्र तीन दिवस चांगली उघडीप. चौथ्या दिवशी खरा पाऊस लागला तो पाच दिवस हटला नाही. दमट हवा, ओली पानं, फवारणी नाही. पानाच्या मागं तांबेरा दिसला आणि बघता बघता पानगळ सुरू झाली. पान गेलं की फळ पोसत नाही, हे पुरंदरच्या माणसाला सांगायला नको.

नंतर वडिलांचा फोन हातात घेतला. ॲप उघडलं तर आत सासवड. बाहेर विजेटवर ढगाचं चित्र, खाली तापमान आणि पावसाचा टक्का. गावाचं नाव कुठंच नाही. आकडे पडताळले, तर ते पुण्याचे! ॲपला माहीत होतं आम्ही सासवडचे. विजेटला कुणी सांगितलंच नव्हतं.

सगळं खापर विजेटवर फोडत नाही. मीही एकदा खात्री करायला हवी होती. पण कंपनीला फोन केला तेव्हा जे उत्तर मिळालं, त्यानं डोकं फिरलं. "सर, विजेट काढून परत लावा. शेतकऱ्यांना सेटिंग नीट जमत नाही, असे कॉल खूप येतात."

कुणाला जमत नाही? सेटिंग मी केलं, बरोबर केलं. ते पोचवायचं काम तुमचं होतं.

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याकडून हे नीट समजून घेतलं. साध्या भाषेत सांगतो.

विजेट म्हणजे चालू असलेलं ॲप नव्हे. ते चावडीवरच्या फळ्यासारखं आहे. ॲप फळ्यावर लिहून जातं, आपण येता-जाता वाचतो. घरात निर्णय बदलला म्हणून फळ्यावरचा मजकूर आपोआप बदलत नाही. कुणीतरी जाऊन पुसून नवं लिहावं लागतं. अँड्रॉइडवर प्रत्येक विजेटला स्वतःचा नंबर असतो आणि त्या नंबरापुढं त्याचं सेटिंग साठवता येतं. आमच्या विजेटच्या नंबरापुढं लावतानाच 'पुणे' लिहिलं गेलं. ॲपमध्ये सासवड केलं ते दुसऱ्या कप्प्यात गेलं. विजेटला निरोपच नाही.

आयफोनवर तर भिंतच आहे. तिथं विजेट वेगळ्या खोलीत राहतं, त्याला ॲपचं कपाट उघडता येत नाही. दोघांसाठी एक सामाईक कपाट करावं लागतं, त्याला ॲप ग्रुप म्हणतात. सेटिंग त्यात ठेवायचं आणि विजेटला 'पुन्हा वाच' म्हणून सांगायचं. बनवणारा हे विसरला की विजेट स्वतःच्या रिकाम्या कपाटात बघतं आणि ठरवून दिलेलं शहर दाखवतं.

कंपनीवाले म्हणतात, बॅटरी वाचवायची असते, फोन मागं चाललेली कामं बंद पाडतो, म्हणून विजेट मागं राहतं. यात तथ्य आहे. अँड्रॉइडवर विजेटची ठरलेली आपोआप अपडेट अर्ध्या तासाच्या आत मिळत नाही. आयफोनवरही दिवसाला किती वेळा ताजं करायचं याला मर्यादा आहे. अंदाज थोडा शिळा असेल तर आम्ही समजून घेऊ. पण गाव चुकीचं असणं म्हणजे शिळेपणा नव्हे! गाव बदललं त्या क्षणी ॲप उघडंच असतं, माणसाचं बोट स्क्रीनवर असतं. तेव्हा विजेटला एक निरोप द्यायला कितीशी बॅटरी लागते? उलट आमचं विजेट इमानदारीनं पुण्याचा ताजा अंदाज आणत होतं. बॅटरी जळत होती, ती चुकीच्या गावासाठी.

दुसरं म्हणणं असं की, फवारणीसारखा निर्णय विजेट बघून घेऊ नये, ॲप उघडून सविस्तर बघावं. कृषी सहायक साहेबही हेच सांगतील आणि ते बरोबर आहे. पण मग विजेट दिलं कशाला? 'एका नजरेत हवामान' अशी जाहिरात तुम्हीच करता ना? एका नजरेत दाखवायचं ठरवलंत, तर त्या एका नजरेत खरं दाखवा.

आपल्या जिल्ह्यात गाव चुकणं म्हणजे काय, ते बघा. लोणावळ्याला वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरच्या आसपास, बारामतीला पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच. हडपसरला भिजावं आणि दिवे घाट चढून वर आलं की रस्ता कोरडा, हे आपण किती वेळा बघतो. अशा जिल्ह्यात सगळ्यांच्या कपाळावर 'पुणे' चिकटवणं म्हणजे अंदाज न देण्यापेक्षा वाईट. अंदाज नसता, तर वडिलांनी आभाळ बघून फवारलं असतं.

आणि हे घडतंय कुठं? पुण्यात! १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथं आलं, शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही लोक सिमला ऑफिस म्हणतात. शेतीसाठी हवामानाचा स्वतंत्र विभाग इथंच १९३२ मध्ये सुरू झाला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हावार कृषी सल्ला निघतो. २०१९ मध्ये मेघदूत ॲप आलं, मराठीतही आलं. शास्त्रज्ञांनी एवढी वर्षं खपून अंदाज जिल्ह्यावरून तालुक्यापर्यंत आणायचा, आणि शेवटच्या चार बोटांच्या चौकटीत कुणीतरी तो परत शहरावर नेऊन ठेवायचा. याला काय म्हणायचं?

म्हणून ॲप बनवणाऱ्या सगळ्यांना चार गोष्टी सांगायच्या आहेत.

१. गाव, पीक, भाषा, एकक, काहीही बदललं की त्याच क्षणी स्क्रीनवरच्या सगळ्या विजेटांना कळवा.

२. विजेटवर गावाचं नाव आणि अंदाज किती वाजताचा आहे ते ठळक लिहा. चित्र लहान झालं तरी चालेल.

३. गाव माहीत नसेल तर शहर ठोकून देऊ नका. 'गाव निवडा' एवढंच लिहा. कोरी पाटी परवडली, खोटी नको.

४. विजेटवर बोट दाबून धरलं की त्याचं सेटिंग बदलता आलं पाहिजे. अँड्रॉइड १२ पासून ही सोय आहे. ज्याची जमीन दोन गावांत आहे त्याला दोन गावांची दोन विजेट लावता आली पाहिजेत.

आता आपल्यासाठी. आज संध्याकाळी पाच मिनिटं काढा. ॲपमध्ये गाव बदलून बघा, विजेट बदलतं का? नाही बदललं तर काढून परत लावा आणि आकडे ॲपशी जुळवा. 'आपोआप लोकेशन' वर असाल तर लोकेशनची परवानगी 'नेहमी' आहे का बघा, नाहीतर विजेट जुन्याच जागेवर अडकू शकतं. शक्यतो गाव हातानं निवडा. शहरात बसून आईवडिलांचा फोन लावून देणाऱ्यांनी तर हे आधी करा.

वडिलांनी विजेट काढून टाकलंय. सकाळी उठून पश्चिमेला बघतात आणि मग मला फोन करून विचारतात, "तुझं ते ॲप काय म्हणतंय?" मी उघडून सांगतो. आधी गावाचं नाव वाचतो, मग पाऊस.