एका बैलाला चार नांगर

सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात एकानं अडवलं, "पत्रकार, नळाला पाणी कधी? त्या साहेबाला जरा झोडा की!" मागं एकदा झोडलं होतं. परवा त्याच शाखा अभियंत्यासोबत दिवसभर फिरलो आणि माझीच मला लाज वाटली.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ला जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर, मुदत २०२४. ती हुकली, आता २०२८. मुदत वाढली, माणसं वाढली का? सकाळी एका गावात टाकीचं काँक्रीट, दुपारी तालुक्याला आढावा बैठक, संध्याकाळी बिलांची मोजमापं, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागणारे वरिष्ठ. बिल थकलेला ठेकेदार फोन उचलत नाही. मग तुमच्या गल्लीतला उघडा चर बघायचा कुणी?

चूक त्याची असेल तिथं सोडू नका. पण पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. आपल्या अभियंत्याकडं किती गावं? किती पदं रिकामी? बिल कुठं अडलंय? उत्तर लेखीच घ्या.

एका बैलाला चार नांगर जुंपून रान नांगरत नाही. बैलबाजार भरवणाऱ्या गावाला हे मी काय सांगावं!