चंदा मागता, मग हिसाब का देत नाही?

रमजान आला की काळेवाडीत पावतीपुस्तके निघतात, मोबाइलवर क्यूआर कोड फिरू लागतात. आवाहन दरवर्षी तेच: रडवेले मूल, विधवा आई, खाली ‘सवाब कमवा’. ते मूल उद्या वर्गात बसते, तेव्हा सगळे त्याला ‘फोटोवाला’ म्हणून ओळखतात. शिक्षक म्हणून मला हे खपत नाही.

गेल्या वर्षीच्या चंद्यातून किती मुले शिकली, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. विचारले तर उत्तर येते, ‘हिसाब अल्लाहला देऊ.’ तो तर द्यायचाच आहे! पण सूरह तौबामध्ये (९:६०) जकातीचे आठ हकदार नेमून दिले आहेत. मग पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचला का, हे विचारणे बेअदबी कशी? नोंदणीकृत ट्रस्टने हिशेब ठेवून तपासून घ्यावा, हे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदाही सांगतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे मुष्टिफंडात घराघरांतून मूठभर धान्य जमा झाले. देणारे गरीबच होते, पण आपली मूठ वसतिगृहातल्या मुलांच्या ताटात जाते, हे त्यांना ठाऊक होते. विश्वास असा जमतो, रडवून नाही.

जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, मुले किती: चार ओळी पुरेत. त्या मशिदीच्या फलकावर लावा. ज्यांना चार ओळी जड जातात, त्यांच्या हाती आपली अमानत देऊ नका.