गास्केट गेलें, दोष कोणाचा?

शिवणयंत्राच्या निगेविषयीं लिहिण्याचें मागील अंकांत आश्वासन दिलें होतें. तें या महिन्यापुरतें बाजूस ठेवीत आहें, याबद्दल भगिनीवर्गाची क्षमा मागतों. मध्यंतरीं आमच्या घरच्या जुन्या पिकअप गाडीनें असा प्रसंग आणला कीं, यंत्रांवर लेख लिहिणाऱ्या या मनुष्याला आपल्याच घरांत मान खालीं घालावी लागली.

आम्ही पेठ वडगांवचे. थोडा ऊस, बाजारांत एक दुकान, आणि गुऱ्हाळाच्या दिवसांत गुळाचे रवे कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डांत पोहोंचविणारी ही गाडी. गुळाची वाट आमच्याकडे जुनीच आहे. शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरी वसविली ती गुळाच्या व्यापारासाठीं. २०१४ सालीं कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु रव्यांनीं भरलेली गाडी वाठारच्या फाट्याजवळ वाफा सोडीत उभी राहिली, म्हणजे मानांकनानें ती एक तसूभरहि पुढें सरकत नाहीं!

गाडी चालविणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा. त्याच्या वडिलांनीं जन्मभर आमच्या शेतावर काम केलें. ट्रॅक्टरला बांधून गाडी अंगणांत आणली तेव्हां दादाचा राग अनावर झाला होता. "कांटा लाल रेघेला टेकेपर्यंत तूं झोंपला होतास काय? दुरुस्तीचा खर्च तुझ्या पगारांतून कापीन!" मुलगा कांहीं बोलला नाहीं. वहिनी ओसरीवरून म्हणाल्या, "अहो, आधीं मेस्त्रींना पाहूं तर द्या." पण त्या वेळीं त्यांचें कोण ऐकतो?

ज्यांना इंजिनाची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. इंजिनाचा खालचा बिडाचा भाग तो ब्लॉक; त्यांत दट्टे वरखालीं होतात. त्यावर झांकणासारखें बसतें तें हेड. या दोहोंमधला पातळ, भोंकें पाडलेला थर म्हणजे गास्केट. त्याला एकाच वेळीं तीन सोवळीं संभाळावीं लागतात. सिलिंडरांतला पेटलेला वायु, इंजिन थंड ठेवणारें पाणी आणि वंगणाचें तेल यांनीं एकमेकांस शिवतां कामा नये. डीझेल इंजिनांत हवा दाबून तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारें विसाव्या हिश्श्यावर आणतात. त्या दाबानेंच ती इतकी तापते कीं फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. हा मारा गास्केटनें मिनिटाला हजारों वेळां सोसावयाचा असतो.

सोवळें मोडलें म्हणजे लक्षणें लपत नाहींत. धुराड्यांतून पांढरा धूर येतो, रेडिएटरमध्यें बुडबुडे उठतात, कोठें गळती नसतां पाणी कमी होतें. आमच्या डिपस्टिकवर काळ्या तेलाऐवजीं दुधाच्या कॉफीसारखें कांहीं तरी लागलें होतें. (घरांतील मुलांना एक ताकीद देऊन ठेवावी: तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींहि उघडूं नये. आंत पाणी दाबाखालीं असल्यानें तें शंभर अंशांच्या वर जाऊनहि उकळलेलें नसतें. झांकण सैल होतांच त्याची वाफ होऊन ती थेट तोंडावर येते.)

प्रथम जो मेस्त्री आला त्यानें संध्याकाळच्या आंत नवें गास्केट टाकून देण्याचें कबूल केलें. दादाला हवें होतें तेंच हें. पण अण्णांनीं, म्हणजे आमच्या थोरल्या काकांनीं, आपल्या ओळखीच्या म्हाताऱ्या मेस्त्रींना बोलावणें पाठविलें. त्यांनीं डिपस्टिक पाहिली आणि म्हणाले, "अण्णा, गास्किट आपसूक जात न्हाई. का गेलं ते हुडकल्याबिगर नवं टाकलं, तर म्हैन्यात परत माझ्याच दारात याल."

इंजिन पुरतें थंड झाल्यावर त्यांनीं हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करून सैल केले. हेड उतरलें. जुन्या गास्केटवर दोन सिलिंडरांच्या मधोमध जळून गेलेली काळी वाट दिसत होती. हेडवर सरळ पोलादी पट्टी आडवी धरून त्यांनीं तिच्याखालीं फिलर गेजची पात सरकविली. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची, वहीच्या पानाएवढी पात मध्यभागीं आरपार गेली. आमचें हेड ॲल्युमिनियमचें; तितक्याच उष्णतेनें ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें, आणि बोल्टांनीं जखडलेलें असल्यामुळें वांकतें. अशा वांकलेल्या हेडखालीं नवें गास्केट तें किती दिवस टिकणार? हेड कोल्हापूरला उद्यमनगरांत पाठवून त्याचें फेसिंग करून घेतलें. तडा नाहीं याचीहि तेथेंच दाबाखालीं परीक्षा झाली. दोन दिवस मोडले. गूळ भाड्याच्या टेम्पोनें गेला, आणि दादा दोन दिवस कोणाशीं धड बोलला नाहीं.

पण इंजिन तापलें कां? मेस्त्रींनीं रेडिएटर उतरवून त्याची टाकी उघडली. आंतल्या बारीक नळ्यांच्या तोंडांशीं पांढरट, खडूसारखीं पुटें जमलीं होतीं. निम्म्याहून अधिक नळ्या बुजलेल्या. माजघराच्या दारांतून आजी म्हणाली, "अरे, हें तर आपल्या बंबासारखें झालें!" खरेंच होतें. ज्या बोअरच्या पाण्यानें आमचा तांब्याचा बंब दर वर्षाला कल्हईवाल्याकडून खरवडून आणावा लागतो, तेंच पाणी आम्ही तीन वर्षें गाडीला पाजलें होतें. कूलंटवर पैसे घालविण्याचें कारण नाहीं, असें अण्णांचें मत; घरचें पाणी असतां विकतचें कशाला?

आणि मग मेस्त्रींनीं त्या मुलाला विचारलें, "काय रं, पानी उतरत हुतं का?" तो क्षणभर घुटमळला. "व्हय. दोनदा सांगितलं हुतं," एवढेंच म्हणाला. कोणाला सांगितलें, तें त्यानें सांगितलें नाहीं. तें मला ठाऊक होतें. दोन्ही वेळां मी याच सदराचा मजकूर लिहीत बसलों होतों, आणि मान वर न करतां म्हणालों होतों, "मग भर कीं."

मीं तें तेथेंच सर्वांसमक्ष सांगितलें. दादानें माझ्याकडे पाहिलें, मग अण्णांकडे. अण्णा उठले, टोपी घातली, आणि पायींच बाजारांत जाऊन कूलंटचे दोन डबे घेऊन आले. पगार कापण्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

जोडणी मुलानेंच मेस्त्रींच्या हाताखालीं केली. ब्लॉकचा पृष्ठभाग ओरखडा न पाडतां पुसला. बोल्टांच्या भोंकांतलें तेल-पाणी टिपून काढलें, कारण खालीं द्रव साचला तर बोल्ट पूर्ण बसल्याचा नुसता भास होतो. जुन्या गाड्यांच्या गास्केटमध्यें ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांस घातक, म्हणून तें कोरडें खरवडूं नये. बोल्ट आवळणें हें खरें कौशल्याचें काम. ताटांत वड्या थापतांना आपण मधून कडेकडे थापतों, तसेंच येथेंहि मधल्या बोल्टापासून बाहेर जावयाचें, तेंहि टॉर्क पान्यानें, तीन फेऱ्यांत. मग टॅपेट जुळविले, पाणी मिसळलेलें सगळें तेल काढून नवें भरलें, रेडिएटर नवा बसविला आणि कूलंट भरून आंतली हवा काढली.

पहिल्या खेपेला मी मुद्दाम त्याच्या शेजारीं बसलों. कांटा हळूहळू मध्यावर आला आणि थांबला. वाठारच्या फाट्यावर त्यानें न सांगतां गाडी बाजूला घेतली, उतरून खालीं वांकून पाहिलें, रबरी नळीला बोटानें चाचपलें आणि परत येऊन बसला. आम्ही कांहीं बोललों नाहीं. यार्ड येईपर्यंत दोघेहि त्या कांट्याकडेच पाहत होतों.