उजवीकडची पिन

शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये भाच्याला फौजी व्हायचं होतं. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका दुकानातून भाड्याने पोशाख आणला. हिरवा शर्ट, पँट, बेरे टोपी, खांद्यांवर तीन-तीन सोनेरी स्टार, बाहीवर हवालदाराच्या तीन फिती, आणि वेगळ्या पिशवीत एका पट्टीवर ओवलेली पत्र्याची सहा पदकं. ताईने त्याला आरशासमोर उभं केलं आणि आरशात बघतच ती पट्टी टोचली. आरशात डावं ते उजवं होतं, हे घाईत कोणाच्या लक्षात आलं नाही.

जिन्यात तळमजल्यावरचे काका भेटले. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता पंचाहत्तरीच्या पुढे. गुडघे दुखतात, तरी पायरीवर टेकून बसले, पोराच्या छातीवरची पिन काढली आणि पट्टी डावीकडे लावली. "उजवीकडे गेलेल्याची लावतात, बाळा," एवढंच म्हणाले. मग खांदा आणि बाही दोन्हींवर बोट ठेवून विचारलं, "कॅप्टन आहेस का हवालदार? दोन्ही एका वेळी होता येत नाही." पोराने क्षणभर विचार करून "हवालदार" सांगितलं. काकांनी खांद्यावरचे स्टार उतरवून माझ्या हातात दिले.

ते स्टार मुठीत घेऊन शाळेच्या गेटपर्यंत गेलो आणि वाटभर स्वतःवर चिडत राहिलो. आपल्या नाक्यावर नवरात्रात देवीच्या दर्शनाला ठाणंच नव्हे, कल्याण-डोंबिवलीही लोटते. बंदोबस्तावरच्या पोलीस अधिकाऱ्यांच्या खिशावरच्या रंगीत रिबनी आपण दहा दिवस जवळून पाहतो. 26 जानेवारीला टीव्हीवर संचलन पाहतो. देवनागरी वाचता यायच्या आधीपासून लहान मूल दुकानाच्या पाट्या ओळखतं, तेवढंही आपण या रिबनींच्या बाबतीत करत नाही. त्यांवर काय लिहिलंय ते एकदाही विचारत नाही.

लिहिलेलं मात्र पुष्कळ असतं. रोजच्या गणवेशावर डाव्या खिशाच्या वर फक्त रिबनी, समारंभाच्या गणवेशावर पूर्ण पदकं, आणि मेसमधल्या रात्रीच्या पोशाखावर त्यांच्याच छोट्या प्रतिकृती. सगळ्यांत मानाचं पदक छातीच्या मध्याकडे, गुंड्यांच्या रांगेजवळ. तिथून दंडाकडे सरकावं तसा क्रम उतरत जातो. शांततेच्या काळातल्या शौर्याची तीन पदकं तर नुसत्या रेघा मोजून ओळखता येतात. हिरव्या रिबनीवर मधोमध एक केशरी रेघ म्हणजे अशोक चक्र, दोन म्हणजे कीर्ती चक्र, तीन म्हणजे शौर्य चक्र. जितक्या रेघा कमी तितका मान मोठा. 1967 पर्यंत ही तिन्ही अशोक चक्राच्याच पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची पदकं होती, त्या रेघा त्याचीच खूण. महावीर चक्राची रिबन अर्धी पांढरी अर्धी केशरी, वीर चक्राची अर्धी गडद निळी अर्धी केशरी. परमवीर चक्राच्या रिबनीवर काहीच नाही, सलग जांभळा रंग.

काकांच्या पट्टीवर पाच पदकं आहेत. 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही दोन 1971 च्या लढाईची. एक 1972 मधलं, स्वातंत्र्याच्या पंचविशीनिमित्त तेव्हा सेवेत असलेल्या सगळ्यांना मिळालेलं. दोन दीर्घ सेवेची, नऊ वर्षांचं आणि वीस वर्षांचं. यातलं शौर्यपदक एकही नाही, हे ते स्वतःहून सांगतात. सोसायटीत कोणी त्यांची ओळख "शौर्यपदक विजेते" अशी करून दिली तर माईक हातात आल्यावर आधी ते दुरुस्त करतात आणि मग बोलायला लागतात. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. छातीवर पाच पदकं असली की माणूस पाचदा शूर, असा आपला समज. पण सैन्यातली बरीचशी पदकं 'मी तिथे होतो' एवढंच सांगतात. त्या वर्षी, त्या सीमेवर, इतकी वर्षं. बहुतेक पदकांच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. काकांच्या पदकांच्या कडा हाताळून गुळगुळीत झाल्यात, तरी भिंगाखाली नंबर वाचता येतो.

पदकांसारख्याच हुद्द्याच्याही खुणा असतात, आणि त्या काळानुसार बदलतात. 1 ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांचा गणवेश एकसारखा झाला, आपल्या रेजिमेंटची वेगळी टोपी आणि पट्ट्याचं बक्कल त्यांनी उतरवलं. त्याच वर्षी 4 डिसेंबरला सिंधुदुर्गातल्या नौदल दिनी ॲडमिरलांच्या खांद्यावरच्या नव्या चिन्हाची घोषणा झाली. त्यातला अष्टकोन शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी शिवरायांच्या आरमाराची पहिली जहाजं बांधली गेली हे लहानपणापासून ऐकत आलेल्या कल्याणकराला हा बदल परका वाटायला नको. निवृत्तीचाही संकेत आहे. सैन्याच्या पद्धतीत 'निवृत्त' हा शब्द हुद्द्याला चिकटवत नाहीत, नावानंतर लिहितात. निवृत्त होतो तो माणूस, हुद्दा नाही. आपल्या निमंत्रणपत्रिकांवर हे हमखास उलटं छापलेलं असतं.

पण मला राहून राहून आठवते ती उजवी बाजू.

डावी छाती ज्याने पदक मिळवलं त्याची. ती दुसऱ्या कोणाला देता येत नाही, पत्नीला नाही, मुलाला नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये 25 एप्रिलच्या अँझॅक दिनाला आजोबा-पणजोबांची पदकं लावून चालणारी मुलं दिसतात, ती पदकं उजवीकडे असतात. ब्रिटनमध्येही तीच रीत. आपल्या सैन्यानेही अलीकडे हुतात्म्यांच्या जवळच्या नातलगांना साध्या कपड्यांवर, उजव्या छातीवर त्यांची पदकं लावायची मुभा दिली आहे. युद्धस्मारकावरच्या मानवंदनेला, अंत्यसंस्काराला, अशा ठरावीक प्रसंगी.

ही मुभा यायला इतका उशीर का लागला, हे मला कळत नाही. आजवर 21 परमवीर चक्रं दिली गेली, त्यांतली 14 मरणोत्तर. म्हणजे सैन्यातलं सर्वोच्च पदक तीनांतल्या दोन वेळा डाव्या छातीवर चढलंच नाही, घरच्या कोणाच्या तरी हातात गेलं. या पदकाचं रेखाटन केलं ते सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने त्या स्वित्झर्लंडच्या, लग्न करून खानोलकरांच्या घरात आल्या आणि मराठी-संस्कृत शिकून इथल्याच झाल्या. मधोमध भारताच्या राजमुद्रेतले सिंह आणि भोवती इंद्राची चार वज्रं ही कल्पना त्यांची. दधीचीने आपली हाडं दिली आणि त्यांतून वज्र घडलं, ती कथा. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांचं, मरणोत्तर. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर. आपण काढलेलं चित्र पहिल्यांदा आपल्याच नात्यातल्या घरी, तेही असं जाईल, हे त्यांना रेखाटताना कुठून माहीत असणार!

कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे वाचले. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा ते राजौरीच्या वाटेवर त्यांनी रणगाड्यांसाठी सुरुंग काढले, अडथळे हटवले, आणि परमवीर चक्र स्वतःच्या डाव्या छातीवर लावून पुढे वीस वर्षं नोकरी केली. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे वाचले नाहीत. 10 जुलै 1944 ला इटलीत, तुकडीतले बाकीचे पडल्यावर, मशीनगनच्या ठाण्यावर ते एकटे धावून गेले. वय बावीस, बाहीवर दोन फिती. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती आला. त्यांच्या देहाला स्वतंत्र कबरही नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे.

म्हणून भाड्याच्या पोशाखावरची पदकं मला आता नुसती पत्र्याची वाटत नाहीत. मुलांनी फौजी होऊ नये असं मी मुळीच म्हणणार नाही, जरूर व्हावं. फसवण्याच्या हेतूने सैनिकाचा वेष घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे, शाळेच्या रंगमंचाचा त्याच्याशी संबंध नाही. पण बाहीला फिती की खांद्याला स्टार, आणि पदकं डावीकडे, एवढं घरातून निघताना पोराला सांगून ठेवायला दोन मिनिटं लागतात. सांगताना उजवीकडचंही सांगावं. सातआठ वर्षांच्या मुलाला ते समजतं. आमच्या भाच्याला समजलं, कारण संध्याकाळी तो परत काकांच्या दारात उभा राहिला आणि "गेलेल्याची म्हणजे कोणाची?" विचारू लागला.

काकांनी त्याला बेळगावचं सांगितलं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात शरकत युद्धस्मारक आहे. चारपाच वर्षांपूर्वी ते तिथल्या कार्यक्रमाला गेले होते. माजी सैनिकांच्या रांगेपलीकडे घरच्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या. त्यांत एक म्हातारी बाई, नऊवारी नेसलेली, पदर डोक्यावरून घेऊन उजव्या खांद्यावरून पुढे ओढलेला. पदक लावायचं तर उजवीकडे, आणि उजवीकडे तर पदर. कोणीतरी पदरावरच पिन टोचून दिली होती. जुनं सुती लुगडं, त्याला पदकाचं वजन पेलेना, पदर सारखा खाली येई. बिगुल वाजलं, सगळे उठून उभे राहिले. माजी सैनिकांचे उजवे हात सलामीला वर गेले. त्या बाईंचा उजवा हात मात्र छातीवरच होता. पदक आणि पदर दोन्ही मुठीत धरून त्या शेवटपर्यंत तशाच उभ्या होत्या.